रातभर ठिवलेली पट्टी

जत्रंला नवरा घरी येतो आन् खाट उचलून शेरडांच्या शेजारी नेऊन टाकतो, असं कुनाच्या घरात झालंय का सांगा. आमच्या घरात झालं.

आमचं मालक, जयराज, सेलमला असत्यात, तिकडं तामिळनाडात. आमच्या कडेगाव भागातली निम्मी गडीमानसं अशीच मुलूखभर पांगलेली. सोनारांकडनं मोडीचं सोनं घ्यायचं, भट्टीत आटवायचं, तेजाबात, म्हंजी ॲसिडात, घालून चोख करायचं, ह्यो त्यांचा धंदा. गलाई म्हनत्यात त्याला. दिवाळीला आन् जत्रंला घरी येत्यात. आलं की पाय धुवायच्या आधी माझ्याकडं बघून हसायचं, आन् आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, साळूबाईनं, "मी जरा शेजारी जाऊन येते" म्हनून बाहेर पडायचं, हे आमच्या घरात ठरल्यालं. पोरगी सृष्टी सांगलीला वसतिगृहात, म्हंजी घर मोकळंच.

औंदा मालक आलं, पाय धुतलं, पन हसलं न्हाईत. आत्याबाई शेजारी जाऊन कट्टाळून परत आल्या, तरी मालक आपलं उंबऱ्यावरच बसून. जेवनं झाली तशी खाट उचलली.

"आत लय उकडतंय. मी भाहेर झोपतो."

उकडतंय म्हनं! सेलमला काय बर्फ पडतंय व्हय? प्रवासानं शिनलं असतील म्हनलं. पन दुसऱ्या दिवशी बी तेच आन् तिसऱ्या दिवशी बी तेच. वर आनखी ताट येगळं, तांब्या येगळा, आन् दाढी केली की पातं कागदात गुंडाळून पार वढ्याकडंला जाऊन पुरायचं. मी केलेली पुरनपोळी खाल्ली, पन माझ्या ताटातला घास न्हाई घेतला. दर खेपंला माझ्या ताटातनं वडून खानारा मानूस ह्यो.

त्यात आमची शेजारीन दगडाबाई. ती नळावर उभीच असायची.

"काय गं रेश्मा, डोळं लय जड दिसत्यात. मालक आल्यात न्हवं?" आन् सगळ्या बाया खिदळायच्या.

"तुमचं घरीच असत्यात, तरी तुमचं डोळं टवटवीत कसं वो?" मी म्हनायची. तोंडाला मी काय कमी न्हाई. पन घागर घिऊन वळलं की तोंड कसनुसं व्हायचं. मालक आल्यात, आन् मी आत एकटी छताचं वासं मोजत पडती, हे नळावर कसं सांगायचं?

आत्याबाईंस्नी तर वाटलं कुनीतरी करनी केली. एकदा दाताला मिसरी लावता लावता मला म्हनल्या, "तू कायतरी बोलली असशील त्याला फोनवर. तुझी जीभ लय लांब हाय."

"जीभ लांब असली तरी सेलमपतूर पोचत न्हाई आत्याबाई."

"मग काय झालंय त्याला? मुकं जनावर बरं."

ते आमालाबी ठावं न्हवतं. मालकांनी आपलं शेरडांचं छप्पर नवं करायला काढलं. जुनं पाचटाचं मोडलं, खड्डं काढलं, डांब रोवलं. सकाळपासनं पार कान लाल हुईस्तवर पहार हानायची. चैताचं ऊन असं की पत्र्यावर पानी टाकलं तर चर्र वाजावं. जरा सावलीत बसा म्हनलं तर, "बसून काय करू?" म्हनायचं. मानूस कामाला पळत न्हवता, कामात दडत व्हता. एवढं तर मला दिसत व्हतं.

पत्रं चढवायच्या दिवशी मी खाली आन् मालक डांबावर. मी पत्रा वर सरकवला, ह्येनी धरला, आन् धरता धरता पत्र्याची कड हातातनं सर्रकन गेली. तळव्याला ही एवढी चीर. रगत पार कोपरापतूर आलं. मी पदर फाडतच पळाली.

"लांब हो!" मालक वराडलं. "लांब हो म्हंतोय न्हवं! हात लावू नगंस मला!"

शेरडं दचाकली. मी बी दचाकली. आमच्या लग्नाला इतकी वर्सं झाली, ह्या मानसानं माझ्यावर आवाज चढवला न्हवता. मालक डांबावरनं खाली उतरलं, हात छातीशी धरून मातीत बसलं, आन् मागं मागं सरकाय लागलं. डोळं असं की जनू मीच त्यांचा जीव घ्यायला आलीया.

मग माझ्या टाळक्यात परकाश पडला. येगळं ताट, पुरलेली पाती, शेरडांशेजारची खाट. शाळंत दहावीपतूर शिकल्याली हाय मी, टीव्ही बी बगती. खताची एक रिकामी पिशवी पडलेली, तिच्यात हात घातला आन् तसाच त्यांचा हात दाबून धरला.

"आता सांगा," मी म्हनलं. "न्हाईतर ह्यो हात मी सोडनार न्हाई."

मालकांनी सांगितलं. खाली मान घालून, मातीशी बोलल्यागत. गेल्या वर्सी पोंगलला, तिकडच्या संक्रातीला, दुकानं बंद. निम्मी पोरं गावाकडं गेल्याली. मागं राहिलेली चार-पाच जनं एका रातीला भाहेर पडली, पिली, आन् एका बाईकडं गेली.

"एकदाच गं रेश्मा. आईची आन."

"एकदाच म्हंजी काय, उपकार केलं?"

"न्हाई."

"पुढं बोला."

पुढं असं की त्यांच्यातला लालासाहेब, मान तालुक्यातला, ह्या वर्सी आजारी पडला. तपासलं तर एचआयव्ही निघाला. गल्लीतल्या सगळ्या कारागिरांचं धाबं दनानलं. मग कुन्या संस्थेच्या दोन पोरी आल्या. गलाईवाल्यांच्या खोल्या-खोल्यांतनं फिरून त्यांनी पाकिटं वाटली. दवाखान्यात जायाला लाजत असाल तर घरीच बगा म्हनल्या. एक तुमाला, एक घरच्या बाईसाठी. सुई न्हाई, रगत न्हाई. पट्टी हिरड्यांवरनं वर एकदा, खाली एकदा फिरवायची आन् बाटलीतल्या पान्यात उभी करायची. एक रेघ आली तर निवांत. दोन आल्या तर दवाखाना.

"मग? किती आल्या?"

मालक उठून आत गेलं आन् पेटी उघडली. फडक्यात गुंडाळलेली ती पांढरी पट्टी आनून माझ्या म्होरं धरली. एक रेघ ठसठशीत. तिच्या खाली दुसरी... रेघ म्हनावी तर रेघ, न्हाईतर नुसती सावली. उनात तिरकी धरली तर दिसायची, सरळ धरली तर जायाची.

मला लय वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? ह्या मानसासाठी मी दिवाळी ते जत्रा आन् जत्रा ते दिवाळी कॅलेंडरकडं बघत बसती, आन् ह्यो पोंगल करत फिरतोय! दोन मुस्काडीत हानाव्या असं वाटलं. आन् त्याच टायमाला त्याच्या हातातनं गळनारं रगत बघून जीव वरखाली बी व्हाय लागला. आधी काय करावं ह्येच कळंना.

"भांडान व्हनार हाय," मी म्हनलं. "लय मोठं व्हनार हाय. पन आधी ही भानगड निस्तरू. आजारी मानसाशी मला भांडता येत न्हाई."

मालकांनी मान हलवली. डोळ्यांतनं पानी आलं त्यांच्या, आन् नाकातनं बी. तसंच हातानं पुसलं, आन् सगळं तोंड मातीनं माखलं. असा मानूस समोर बसल्यावर चिडायचं तरी कसं?

हात बांधला. मग मी म्हनलं, पाकिटातला कागद आना. कागद एका अंगाला तामिळ, सगळी जिलेबी. दुसऱ्या अंगाला इंग्रजी. पन मधी चित्रं व्हती, आन् चित्राला कुठली भाषा लागती? तोंडाचं चित्र, बाटलीचं चित्र, त्याच्याफुडं घड्याळ. घड्याळावर वीस लिव्हलेलं, शेजारच्या घड्याळावर चाळीस. आन् तिसऱ्या घड्याळावर मोठी लाल फुली.

"ही पट्टी तुमी कवा बगितली?"

"सकाळी."

"आन् घातली कवा?"

"आदल्या सांजंला. दुकान बंद केल्यावर."

"रातभर ठिवली? हितं वीस ते चाळीस मिनटं लिव्हलंय!"

मालक माझ्याकडं असं बगाय लागलं जनू मीच येडी हाय. "आगं, वीस मिनटात कुठं काय कळतंय? आमी तेजाबात माल रातभर ठिवतो. खोट असली तर सकाळपतूर आपसूक वर येती. घाईत बगितलं की फसगत. माझ्या चुलत्यानं शिकवलंय मला."

"आवं, हे सोनं हाय का? थुकी हाय ती!"

"तपासनी ती तपासनीच की."

"आन् ही फुली कशाची वाटली तुमाला? दिवाळीची रांगोळी?"

मालकांनी कागद हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "मला वाटलं," हळूच म्हनलं, "रातीची येळ घड्याळात बघत बसू नगा, झोपा, असं सांगत्यात."

मला हसू फुटलं. कसं फुटलं कुनास ठाऊक, एवढं वाईट वाटत असताना. पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. मालक बावचळून बघत राहिलं, मग त्यांनाबी हसू आलं, पन मधीच थांबलं. खरं खोटं अजून कुठं कळलं व्हतं? सावली ती सावली. ती उशिरानं आली म्हनून खोटी, हे मी ठरवनारी कोन?

"दुसरं पाकीट कुठाय?"

"ते तुझ्यासाठी हाय."

"माझं मी बगीन. आधी तुमी. तंबाखू थुका."

तंबाखू थुकली, चूळ भरली. दाताला पेस्ट-बिस्ट लावली असंल तर अर्धा तास थांबा असं चित्र कागदावर व्हतं, तंबाखूचं काय न्हवतंच, तरी मी थांबवलं. तो अर्धा तास मालक नव्या डांबाला टेकून, तोंड आवळून बसलं. मग पट्टी काढली. मी चित्र बघून सांगत गेली, आन् ह्येनी वर एकदा फिरवली, खाली एकदा. नेमक्या त्याच टायमाला आत्याबाई शेरडांना पाला घिऊन आल्या. लेक हिरड्या घासत बसल्याला बघून जाग्यावर थांबल्या.

"आता तूबी मिसरी लावाय लागलास व्हय रं जया?"

"व्हय आई," मालक पट्टी तोंडात धरूनच म्हनलं.

"बरं हाय. दात टिकत्यात. पन असली बारकी काडी कशाला? बोटानं लावायची." आन् पाला टाकून गेल्या.

पट्टी बाटलीत उभी केली. मी मोबाईलवर वीस मिनटांचा गजर लावून बाटलीच्या म्होरं बसली. मालक उठलं, बसलं, परत उठलं. पत्रा ठोकाय गेलं, हातोडीच विसरलं. दोन शेरडांची भांडनं सोडवली, खरं तर ती भांडत बी न्हवती. मला काय कमी भ्या वाटत न्हवतं. दोन रेघा आल्या तर काय करायचं, सृष्टीला काय सांगायचं, माझं काय, सगळं डोस्क्यात फिरत व्हतं. देवाचं नाव घ्यावं म्हनलं तर देवसुदिक आठवंना.

मोबाईल वाजला.

"या."

"जरा राहू दे की ती पान्यात अजून. थोडा येळ तरी..."

"जयराज!" मी म्हनलं. आयुष्यात पयल्यांदा नावानं हाक मारली नवऱ्याला. मालक गपगुमान येऊन बसलं.

रेघ एकच व्हती. उनात धरली, सावलीत धरली, तिरकी केली, उलटी केली. मालकांनी पेटीतलं भिंग आनलं, ज्यानं सोन्याचं कन बगत्यात ते. एकच.

"खरी धरायची का?" मालकांचा आवाज लय बारीक झालता.

"एक पट्टी व्हय म्हंती, एक न्हाई म्हंती. दोघींचं भांडान दवाखान्यात नेऊन मिटवायचं. उद्या जायाचं. दोघांनी."

सकाळी मोटारसायकलवर कडेगावला सरकारी दवाखान्यात गेलो. मालकांनी रुमाल तोंडाला असा गुंडाळला की नुसतं डोळं भाहेर. केसपेपरच्या रांगंत उभं राहिलो तर म्होरं कोन? दगडाबाई. साखर तपासाय आल्याली.

"अगं बया! तुमी दोघं? एका गाडीवर?" तिनं माझ्या पोटाकडं बगितलं. "गोड बातमी हाय व्हय गं?"

"असंल तर तुमालाच पयलं सांगीन," मी म्हनलं. "म्हंजी गावाला सांगायची मला गरज पडनार न्हाई."

रांगंतली मानसं हसली. रुमालातनं मालकबी हसलं, ते मला त्यांच्या डोळ्यांवरनं कळलं.

आत समुपदेशनाच्या खोलीत शिवांजली मॅडम म्हनून एक बाई. वयानं माझ्याच बरोबरीची. मालकांनी रुमाल सोडला न्हाई, मीच सगळं सांगितलं. रातभर ठिवलेल्या पट्टीचं ऐकलं तशी मॅडमनी हातातलं पेन खाली ठिवलं.

"रातभर?"

"गलाईवालं हायत," मी म्हनलं.

"आगं बाई," मॅडम म्हनल्या आन् हसाय लागल्या, मग सावरल्या. "दादा, येळ टळून गेल्यावर पट्टीवर कायबी उमटतं. ते धरायचं नसतं. पन इथं आलात हे बेस झालं. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तरी शेवटचं उत्तर इथलंच. आता दोघांचंबी रगत घेऊ." मग आमच्या दोघांकडं बघून म्हनल्या, "आन् एचआयव्ही असता, तरी ताट येगळं करायची गरज न्हवती. जेवनानं, शिवन्यानं काय व्हत न्हाई. गोळ्या फुकट मिळत्यात. रोज घेतल्या तर मानूस धडधाकट जगतो, कामाला जातो."

मालकांनी तवा कुठं रुमाल काढला. "आमचा एक लालासाहेब हाय," म्हनलं. "गोळ्या चालू हायत त्याच्या. आमी त्याला जेवायला येगळं बसवतो."

म्हनता म्हनता त्यांचीच मान खाली गेली.

रिपोर्टासाठी भाहेर बाकड्यावर बसलो. मालकांनी माझा हात धरला, भर दवाखान्यात, दगडाबाईच्या डोळ्यांदेखत. मी सोडवून घेतला न्हाई. मनात म्हनलं, बगू दे, नळावर तेवढाच एक दिस तिचा बरा जाईल.

मॅडमनी आत बोलावलं. दोघांचंबी निगेटिव्ह. पोंगलला वरीस उलटून गेलं, त्यामुळं आता शंका धरायची न्हाई म्हनल्या. मालक खुर्चीतनं उठलं, मॅडमच्या पायाच पडाय निघालं. मॅडमनी खुर्ची मागं घेतली. "पाया नगा पडू दादा, निरोध वापरा," म्हनल्या. मालक कानापतूर लाल.

भाहेर रसवंतीवर थांबलो. मालकांनी गिलासावर गिलास रस पिला, मग फोन काढला. "लाला, मी जया. जेवलास का रं? मी आल्यावर आपन एकत्र जेवू. न्हाई, काय न्हाई, असंच." फोन ठिवला आन् माझ्याकडं बघून हसलं. जत्रंला आल्यापासनं पयल्यांदा.

तवा मला राग आला. आता येऊ शकत व्हता न्हवं! मानूस धडधाकट निघाला व्हता.

"आता भांडू," मी म्हनलं.

"हितं? रसवंतीवर?"

"हितंच. तिचं नाव काय व्हतं?"

मालकांनी गिलास खाली ठिवला. "इचारलं न्हाई."

"जिच्यापायी एवढा जीव टांगनीला लागला, तिचं नाव इचारलं न्हाई?"

"न्हाई गं."

मला त्या बाईचा बी राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. कुठल्यातरी खोलीत बसल्याली, नाव नसल्याली बाई. आमाला भ्या वाटलं तर तिला किती वाटत असंल? "तिला कुनी दिली का वो असली पट्टी?"

"त्या संस्थेच्या पोरी आधी त्या बायांकडंच जात्यात म्हनं. मग आमच्याकडं."

"बरं झालं," मी म्हनलं. आन् मग मला रडू आलं. रसवंतीवाला घाबरून आनखी एक गिलास भरून घिऊन आला. मालक माफ कर म्हनलं न्हाईत, म्हनलं असतं तर मी तो रस त्यांच्या टाळक्यावर वतला असता. रडून झालं तवा मी डोळं पुसलं.

"मी येनार सेलमला. ह्या खेपंला, तुमच्याबरोबरच. मला हे दिवाळी ते जत्रा बास झालं."

"आईचं कसं? शेरडांचं?"

"ते मी बगते. आन् तवर तुमची खाट जिथं हाय तिथंच. आधी भिऊन भाहेर झोपलात, आता माझ्या हुकमानं झोपा."

"कुठवर?"

"माझा राग जाईस्तवर."

घरी आलो तर आत्याबाई नव्या छपराखाली पाय पसरून बसलेल्या. माझं रडल्यालं तोंड बगितलं, लेकाचं हसरं तोंड बगितलं. दवाखान्यात कशाला गेलता, ह्ये त्यांनी इचारलं न्हाई. मीच धीर करून म्हनलं, "आत्याबाई, मी ह्यांच्याबरोबर सेलमला जाईन म्हंते." वाटलं, आता आभाळ कोसळतंय. म्हाताऱ्या मानसाला टाकून जातीस, लोक काय म्हनतील, सगळं ऐकायची तयारी ठिवली व्हती.

आत्याबाईंनी मिसरीची डबी बंद केली. लय येळ शेरडाच्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या.

"तुझा सासरा नाथाजी," म्हनल्या, "सारा जलम केरळात गलाई केली. वर्सातनं एकदा यायचा. एका वर्सी आला, आन् असाच भाहेर झोपला. मी इचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. तवा कसली पट्टी आन् कसलं काय." त्या थांबल्या. "मला 'चल' म्हननारं कुनी न्हवतं गं. म्हनलं असतं तर मी अनवानी गेली असती."

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसली. मालक डांबाला धरून उभं, लहान पोरागत.

"शेरडं मी बगते," आत्याबाई म्हनल्या. "हात-पाय हायत अजून माझं. सृष्टी सुट्टीला येती. जा तू." मग लेकाकडं वळल्या. "आन् तू रं? हितं काय उभा ऱ्हायलास? उचल ती खाट. आत ने. जनावरांस्नी तरी सुकानं झोपू दे."

मालकांनी माझ्याकडं बगितलं. मी चांगलं दोन-चार आठवडं तरी भाहेर ठिवनार व्हती, खरं सांगते. राग अजून निम्मा सुदिक गेला न्हवता. पन सासूचा शब्द सुनंनं मोडायचा कसा? मी उठली आन् खाटंची एक बाजू धरली.